‘सवय’ की ‘निवड’? : नैसर्गिक निवडीच्या सिद्धांताचा विकास आणि विदर्भातील गुलाबी बोंडअळी

सारांश :
नैसर्गिक निवडीद्वारे उत्क्रांती हा सिद्धांत चार्ल्स डार्विन यांच्या नावाने ओळखला जात असला, तरी भूशास्त्र, अर्थशास्त्र, प्राणिशास्त्र, आनुवंशिकी आणि संख्याशास्त्र अशा अनेक विद्याशाखांच्या देवाणघेवाणीतून तो सुमारे दीडशे वर्षांत घडत गेला. प्रस्तुत लेखात या विकासाचे प्रमुख टप्पे विशद केले आहेत. त्याचबरोबर विदर्भातील बीटी कापसावर गुलाबी बोंडअळीने मिळवलेली प्रतिकारक्षमता हे त्याच सिद्धांताचे आपल्या डोळ्यांदेखत घडलेले उदाहरण कसे आहे, आणि ते चुकीच्या पद्धतीने समजून घेतल्यास शेतकऱ्याचे कसे नुकसान होते, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : उत्क्रांती, नैसर्गिक निवड, आनुवंशिकता, गुलाबी बोंडअळी, बीटी कापूस, आश्रय पट्टा.

१. प्रस्तावना

सेलू तालुका हा वर्धा जिल्ह्यातील कापूस उत्पादक तालुका आहे. येथील महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांच्या घरी थोडीबहुत पऱ्हाटी असतेच. पात्या-फुलांच्या दिवसांत शेतात डोमकळ्या दिसू लागल्या की त्याची चर्चा घरातून थेट वर्गापर्यंत येते. पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहिलेले असे फूल उघडून पाहिले की आत गुलाबी बोंडअळी, म्हणजेच शेंदरी बोंडअळी सापडते.

प्राणिशास्त्राचे अध्यापन करताना प्रस्तुत लेखकास एक अनुभव वारंवार येतो. ‘नैसर्गिक निवड म्हणजे काय?’ या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थी व्यवस्थित लिहितात. परंतु ‘पूर्वी बीटी कापसावर मरणारी बोंडअळी आता का मरत नाही?’ असे विचारल्यास तेच विद्यार्थी ‘अळीला विषाची सवय झाली’ असे उत्तर देतात. ही दोन उत्तरे परस्परविरोधी आहेत, हे त्यांच्या लक्षात येत नाही. दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. कृषी केंद्रावर, चावडीवर आणि क्वचित शिक्षकांच्या खोलीतही हेच वाक्य ऐकू येते.

‘सवय’ आणि ‘निवड’ या दोन शब्दांतील अंतर हेच उत्क्रांतिविचाराच्या इतिहासातील सर्वांत मोठे अंतर होय. ते कापण्यास विज्ञानाला किती काळ लागला व का लागला, हे पाहणे म्हणजेच या सिद्धांताचा इतिहास पाहणे होय.

२. स्थिर सृष्टीकडून बदलत्या सृष्टीकडे

अठराव्या शतकापर्यंत युरोपात सजीवांच्या जाती स्थिर व अपरिवर्तनीय मानल्या जात. स्वीडिश निसर्गतज्ज्ञ कार्ल लिनियस यांनी सन १७३५ मध्ये ‘सिस्टिमा नॅचुरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घातला. वर्गीकरणामुळे जातींमधील साम्य ठळक झाले. मात्र हे साम्य का आहे, याचे उत्तर त्यात नव्हते.

या स्थिर चित्राला पहिला तडा भूशास्त्राने दिला. स्कॉटलंडचे जेम्स हटन यांनी सन १७८८ मध्ये असे प्रतिपादन केले की, आज दिसणाऱ्या मंद क्रियाच, म्हणजे झीज, गाळ साचणे, भूभाग उचलला जाणे, पृथ्वीचे रूप घडवतात. त्यासाठी फार मोठा काळ लागतो. फ्रान्सचे जॉर्ज क्युव्हिए यांनी सन १७९६ मध्ये हत्तीवर्गीय प्राण्यांच्या जीवाश्मांचा अभ्यास करून काही जाती कायमच्या नष्ट झाल्या आहेत, हे सिद्ध केले. चार्ल्स लायेल यांच्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’ या सन १८३० ते १८३३ दरम्यान प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने हटन यांचा विचार सर्वत्र पोहोचवला.

या दीर्घ काळाचा पुरावा आपल्याही पायाखाली आहे. वर्धा जिल्ह्यातील काळी कसदार कपाशीची जमीन ही दख्खनच्या बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून तयार झाली असून तो खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या उद्रेकांतून निर्माण झाला. नागपूर येथे कार्य केलेले स्कॉटिश मिशनरी व भूशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप (१८१७-१८६३) यांनी याच प्रदेशातील जीवाश्मांचा संग्रह केला. नागपूरच्या दक्षिणेकडील मांगली येथील खडकात सापडलेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याचे वर्णन इंग्लंडचे शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी सन १८५५ मध्ये ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ या नावाने केले. म्हणजेच ज्या काळात लंडनमध्ये उत्क्रांतीचा प्रश्न आकार घेत होता, त्या काळात विदर्भाची भूमीही आपली साक्ष नोंदवीत होती.

३. लामार्क : बदलाची पहिली मीमांसा

जाती बदलतात, एवढेच नव्हे तर त्या कशा बदलतात हे सांगण्याचा पहिला सुसंगत प्रयत्न फ्रान्सचे जीन बॅप्टिस्ट लामार्क यांनी सन १८०९ मध्ये ‘फिलॉसॉफी झूलॉजिक’ या ग्रंथात केला. परिस्थिती बदलली की प्राण्यांच्या गरजा व सवयी बदलतात. वापरामुळे अवयव विकसित होतो, न वापरल्याने तो खुरटतो. आणि असे संपादित गुण पुढील पिढीत उतरतात, असे त्यांचे मत होते.

लामार्क यांची पुष्कळदा थट्टा होते, ती अनाठायी आहे. जाती बदलतात हे त्यांनी उघडपणे मांडले आणि त्यासाठी नैसर्गिक कारण शोधले. त्यांची मीमांसा मात्र टिकली नाही. तरीही ती मानवी मनाला सहज पटते. मनुष्य स्वतः सरावाने शिकतो, तिखट खाण्याची सवय करतो, उन्हाला सरावतो. म्हणून तो अळीलाही तोच न्याय लावतो. ‘अळीला सवय झाली’ हे वाक्य म्हणजे लामार्क यांचा विचार होय, जरी तो बोलणाऱ्याने लामार्क यांचे नावही ऐकलेले नसले तरी.

४. डार्विन : वीस वर्षांचे मौन

चार्ल्स डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी झाला. २७ डिसेंबर १८३१ रोजी ‘बीगल’ या जहाजावरून निघालेला हा तरुण २ ऑक्टोबर १८३६ रोजी इंग्लंडला परतला. गॅलापागोस बेटांवर त्यांनी सन १८३५ मध्ये जवळपास पाच आठवडे काढले. तेथेच त्यांना उत्क्रांतीचा साक्षात्कार झाला, ही समजूत मात्र खरी नाही. तेथील लहान पक्षी हे एकमेकांशी निकटचे नाते असलेल्या फिंचच्या निरनिराळ्या जाती आहेत, हे पक्षितज्ज्ञ जॉन गुल्ड यांनी लंडनमध्ये सन १८३७ च्या जानेवारीत सांगितले, आणि त्यानंतरच डार्विन यांनी जातींच्या बदलाविषयी स्वतंत्र टिपणवही सुरू केली.

जाती बदलतात हे पटले होते. पण कशामुळे, हे उमगत नव्हते. त्याचा धागा अर्थशास्त्राने दिला. थॉमस माल्थस यांनी सन १७९८ मध्ये लोकसंख्येवरील निबंधात असे म्हटले होते की लोकसंख्या अन्नपुरवठ्यापेक्षा वेगाने वाढते. डार्विन यांनी हा निबंध सन १८३८ मध्ये वाचला. प्रत्येक जीव जगू शकतील त्याहून अधिक अपत्ये निर्माण करतो. मग जगतात कोण? ज्यांच्यातील जन्मजात भिन्नता त्या परिस्थितीत थोडी अधिक उपयोगी ठरते ते, हे उत्तर त्यांना सापडले. कबुतरे व जनावरे पाळणारे लोक हव्या त्या गुणांची निवड करून नवे वाण तयार करतात. निसर्गातही अशी निवड होते, मात्र तेथे निवडणारा कोणी नसतो.

सन १८४२ मध्ये त्यांनी एक संक्षिप्त आराखडा व सन १८४४ मध्ये एक दीर्घ निबंध लिहिला. पण तो प्रसिद्ध केला नाही. सन १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे ते बार्नेकल या समुद्री जीवांच्या अभ्यासात गुंतले. या अभ्यासातून त्यांना एक महत्त्वाची गोष्ट कळली. एकाच जातीचे कोणतेही दोन जीव तंतोतंत सारखे नसतात. ही भिन्नता म्हणजे निसर्गाची चूक नव्हे. निवडीचा कच्चा माल तीच आहे.

५. वॉलेस, ब्लाइथ आणि कलकत्त्याचे पत्र

आल्फ्रेड रसेल वॉलेस हे डार्विन यांच्याप्रमाणे श्रीमंत घरातील नव्हते. प्राण्यांचे नमुने गोळा करून विकणे हे त्यांच्या उपजीविकेचे साधन होते. ॲमेझॉनच्या खोऱ्यातून परतताना सन १८५२ मध्ये त्यांच्या जहाजाला आग लागली व बहुतेक संग्रह नष्ट झाला. तरीही सन १८५४ मध्ये ते मलाय द्वीपसमूहाकडे निघाले. सारावाक येथून लिहिलेला त्यांचा लेख सन १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक नवी जाती तिच्या जवळच्या पूर्वीच्या जातीच्याच स्थळकाळात उदयास येते, असे त्यात म्हटले होते.

या लेखाकडे डार्विन यांचे लक्ष वेधणाऱ्यांमध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ यांचा समावेश होतो. सन १८४१ पासून भारतात असलेले ब्लाइथ डार्विन यांना येथील प्राण्यांविषयी सविस्तर पत्रे लिहीत असत. सन १८५५ च्या डिसेंबरात त्यांनी वॉलेस यांच्या लेखाची शिफारस केली. या सिद्धांताच्या जडणघडणीत भारतातून गेलेल्या माहितीचाही वाटा होता, हे आपण विद्यार्थ्यांना क्वचितच सांगतो.

सन १८५८ मध्ये वॉलेस यांनी मोलुकाज बेटांवरून डार्विन यांना एक निबंध पाठवला. त्यांनाही माल्थस यांच्याच विचारातून नैसर्गिक निवडीची कल्पना स्वतंत्रपणे सुचली होती. डार्विन हादरले. लायेल व वनस्पतितज्ज्ञ जोसेफ हूकर या मित्रांनी मार्ग काढला आणि १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले. दोन्ही लेखक अनुपस्थित होते. वॉलेस हजारो मैलांवर होते, तर डार्विन यांचे तान्हे बाळ तीनच दिवसांपूर्वी ज्वराने दगावले होते. २४ नोव्हेंबर १८५९ रोजी ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीच्या १२५० प्रती छापल्या गेल्या.

६. सिद्धांताची रचना

नैसर्गिक निवडीचा सिद्धांत पुढील चार विधानांत मांडता येतो.

(अ) एका जातीतील जीवांमध्ये भिन्नता असते.
(आ) या भिन्नतेचा काही भाग आनुवंशिक असतो.
(इ) जगू शकतील त्याहून अधिक अपत्ये जन्मास येतात.
(ई) जगणे व प्रजनन करणे हे केवळ योगायोगावर अवलंबून नसते. काही भिन्नता त्यास साहाय्यक ठरतात.

ही चार विधाने खरी असतील तर पिढ्यांगणिक समूहातील गुणांचे प्रमाण बदलणे अटळ आहे. येथे दोन बाबी ध्यानात घ्याव्यात. पहिली, बदलतो तो समूह. एकटा जीव नव्हे. दुसरी, भिन्नता आधी असते व निवड नंतर होते. परिस्थितीची गरज पाहून भिन्नता निर्माण होत नाही.

‘बलिष्ठ तोच जगतो’ असे या सिद्धांताचे जे भाषांतर रूढ झाले, त्यानेही पुष्कळ घोटाळा केला. मूळ इंग्रजी शब्दप्रयोग हर्बर्ट स्पेन्सर यांचा सन १८६४ चा असून डार्विन यांनी तो सन १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत स्वीकारला. त्यातील अर्थ ‘बलवान’ असा नसून ‘त्या परिस्थितीस अनुरूप’ असा आहे. बीटी कापसावर जगणारी अळी इतर अळ्यांपेक्षा बलवान नसते. तिच्या आतड्यातील एक प्रथिन वेगळे असते, इतकेच.

७. सिद्धांतापुढील अडचणी

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर उत्क्रांती घडते हे बहुतेक शास्त्रज्ञांनी लवकरच मान्य केले. नैसर्गिक निवड मात्र दीर्घकाळ वादग्रस्त राहिली. या वादातील दोन आक्षेप केवळ धार्मिक नव्हते, ते वैज्ञानिक होते.

पहिला आक्षेप अभियंते फ्लीमिंग जेनकिन यांनी सन १८६७ मध्ये घेतला. त्या काळी माता-पित्यांचे गुण अपत्यात मिसळून जातात, असे मानले जाई. तसे असेल तर एखादा उपयुक्त गुण दुधात पाणी ओतत जावे तसा प्रत्येक पिढीत निम्म्याने पातळ होईल. निवड होण्यासाठी काही उरणारच नाही. दुसरा आक्षेप पदार्थवैज्ञानिक विल्यम थॉमसन (लॉर्ड केल्विन) यांचा होता. पृथ्वी थंड होण्याच्या गतीवरून त्यांनी सन १८६२ मध्ये तिचे वय २ कोटी ते ४० कोटी वर्षे असल्याचे मांडले व पुढे ते आणखी कमी केले. संथ उत्क्रांतीसाठी हा काळ अपुरा वाटत होता.

जेनकिन यांच्या प्रश्नाला डार्विन यांच्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते. सन १८६८ मध्ये त्यांनी शरीराच्या सर्व भागांतून सूक्ष्म कण प्रजननपेशींत येतात अशी कल्पना मांडली. ती चुकीची ठरली. वापर व अवापर यांचे परिणामही वारशाने उतरतात, असे ते मानत. म्हणजे खुद्द डार्विन यांनाही ‘सवयी’पासून पूर्ण सुटका करून घेता आली नाही.

८. आनुवंशिकी व संख्याशास्त्राची जोड

जेनकिन यांच्या प्रश्नाचे उत्तर त्याआधीच छापले गेले होते. ब्रून येथील धर्मगुरू ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावरील प्रयोगांवरून सन १८६६ मध्ये दाखवले की आनुवंशिक घटक मिसळत नाहीत. ते पिढ्यान्‌पिढ्या अखंड राहतात. अप्रभावी घटक एका पिढीत झाकला जातो व पुढच्या पिढीत पुन्हा प्रकट होतो. हे संशोधन सन १९०० पर्यंत दुर्लक्षित राहिले. दरम्यान जर्मनीचे ऑगस्ट वाइसमान यांनी प्रजननपेशी व शरीरपेशी यांतील भेद स्पष्ट केला व संपादित गुणांचा वारसा नाकारला. किरणोत्सर्गाच्या शोधाने केल्विन यांचा आक्षेपही दूर झाला. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे असल्याचे आज मानले जाते.

सन १९०८ मध्ये हार्डी व वाइनबर्ग यांनी समूहातील जनुकांचे प्रमाण मोजण्याचे सूत्र दिले. पुढे रोनाल्ड फिशर (१९३०), सीवॉल राइट (१९३१) व जे. बी. एस. हाल्डेन (१९३२) यांनी मेंडेल यांची आनुवंशिकी व डार्विन यांची निवड यांचा गणिती मेळ घातला. यांपैकी हाल्डेन सन १९५७ मध्ये भारतात आले, त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले आणि सन १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. फिशर यांच्या संख्याशास्त्रीय पद्धती आपल्याकडील कृषी संशोधकांपर्यंत पोहोचवण्यात वि. गो. पानसे व पां. वा. सुखात्मे या दोन मराठी शास्त्रज्ञांच्या सन १९५४ मधील ग्रंथाचा मोठा वाटा आहे.

तरीही एक प्रश्न उरत होता. प्रतिकारक्षमता विषाच्या संपर्कामुळे निर्माण होते, की ती आधीच काही जीवांत असते? साल्व्हाडोर लुरिया व मॅक्स डेलब्रुक यांनी सन १९४३ मध्ये याचा निर्णय केला. त्यांनी जिवाणूंची अनेक लहान संवर्धने स्वतंत्रपणे वाढवली व नंतर प्रत्येकावर विषाणू सोडले. संपर्कामुळे प्रतिकारक्षमता येत असती, तर सर्व संवर्धनांत प्रतिकारक जिवाणूंची संख्या साधारण सारखी आली असती. प्रत्यक्षात काहींत एकही नव्हता, तर काहींत फार मोठी संख्या होती. म्हणजेच उत्परिवर्तन विषाणूंच्या संपर्कापूर्वीच, योगायोगाने, कुठे लवकर तर कुठे उशिरा घडलेले होते. ‘सवय’ की ‘निवड’ या प्रश्नाचे हे प्रयोगसिद्ध उत्तर होय.

या उत्तराकडे पाठ फिरवल्यास काय होते, याचा दाखला इतिहासात आहे. सोव्हिएत रशियात त्रोफिम लिसेंको यांनी संपादित गुणांच्या वारशाचा पुरस्कार करून आनुवंशिकीस विरोध केला. सन १९४८ मध्ये तर त्यांचेच मत अधिकृत ठरले. पिकांच्या वाणांचे जगविख्यात संग्राहक निकोलाय वाव्हिलोव्ह सन १९४३ मध्ये तुरुंगात मरण पावले. सिद्धांताची चूक शेवटी शेतकऱ्याच्या ताटापर्यंत येते, ती अशी.

९. कापसाच्या शेतातील निवड

गुलाबी बोंडअळी (पेक्टिनोफोरा गॉसिपिएला) ही भारताला नवीन नाही. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन सन १८४३ मध्ये भडोच येथील कापसावरील नमुन्यांवरून झाले. ती जवळजवळ केवळ कापसावरच जगते, बोंडात शिरून सरकी खाते आणि बोंडाच्या आत असल्यामुळे फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

भारतात बीटी कापसाच्या लागवडीस सन २००२ मध्ये परवानगी मिळाली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूतील क्राय१एसी हे जनुक या कापसात घातलेले होते. सन २००६ मध्ये क्राय२एबी या दुसऱ्या जनुकाची जोड असलेला बोलगार्ड-२ कापूस आला. अल्पावधीतच राज्यातील ९० टक्क्यांहून अधिक कापूस क्षेत्र बीटी वाणांनी व्यापले. बोंडअळीवरील फवारण्या कमी झाल्या, उत्पादन वाढले, आणि गुलाबी बोंडअळी जणू विस्मरणात गेली.

परंतु गुजरातमधील अमरेली, भावनगर, जुनागड व राजकोट या जिल्ह्यांत पहिल्या जनुकास प्रतिकारक अळ्या आढळल्याचे सन २०१० मध्ये जाहीर झाले. नंतरच्या काही वर्षांत दोन्ही जनुकांवर मात करणाऱ्या अळ्या दिसू लागल्या. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या प्रतिकारक्षमतेचा देशभर मागोवा घेऊन तो सन २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. सन २०१७ च्या खरीप हंगामात विदर्भ व मराठवाड्यात या अळीने हाहाकार उडवला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले.

प्रतिकारक अळीत नेमके काय बदलले होते? बीटी प्रथिन अळीच्या आतड्यातील विशिष्ट प्रथिनांना चिकटते व आतड्याला छिद्रे पाडते. भारतातील प्रतिकारक अळ्यांमध्ये क्राय१एसी चिकटण्याच्या कॅडहेरिन या प्रथिनाच्या जनुकात, तर क्राय२एबीबाबत एबीसीए२ या वाहक प्रथिनाच्या जनुकात उत्परिवर्तने आढळली. कुलूपच बदलल्यावर किल्ली लागत नाही, तसे हे आहे. एका अळीने हा बदल आयुष्यात ‘शिकून’ घेतलेला नाही. ज्यांच्यात तो जन्मतःच होता, त्याच उरल्या.

१०. आश्रय पट्ट्याचे गणित

बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर बीटी बियाण्याचे १२० ग्रॅमचे पाकीट दिले जाई. शेताच्या कडेने पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांपैकी जे अधिक असेल तेवढ्यावर ते लावावे, असा नियम होता. यालाच आश्रय पट्टा किंवा ‘रेफ्युजी’ म्हणतात. बहुसंख्य शेतकऱ्यांनी ते लावले नाही. अळीला मुद्दाम खाऊ कशाला घालायचा, असा त्यांचा साधा सवाल होता. सवयीच्या कल्पनेने पाहिल्यास तो बिनतोडही वाटतो. निवडीच्या गणिताने पाहिल्यास उत्तर निराळे मिळते.

समजा, प्रतिकारक जनुकाचे समूहातील प्रमाण हजारात एक आहे. हार्डी-वाइनबर्ग सूत्रानुसार दहा लाख अळ्यांपैकी दोन्ही जनुके प्रतिकारक असलेली अळी सरासरी एक असेल, आणि एक जनुक प्रतिकारक व एक संवेदनक्षम असलेल्या मिश्र अळ्या सुमारे दोन हजार असतील. विष पुरेसे तीव्र असेल तर मिश्र अळ्याही मरतात व एकच जगते. आश्रय पट्ट्यात दोन लाख अळ्या जगल्या असतील, तर या एकीचे मीलन जवळजवळ निश्चितपणे संवेदनक्षम पतंगाशीच होईल. तिची सर्व पिले मिश्र निपजतील आणि पुढील पिढीत बीटीवर मरतील. पट्टाच नसेल, तर आसपासच्या शेतांतील अशा मोजक्या प्रतिकारक अळ्यांचे मीलन आपापसांत होईल व त्यांची सारी संतती प्रतिकारक निघेल.

आता समजा विष काहीसे सौम्य पडले व मिश्र अळ्यांपैकी दहांतील एक, म्हणजे २०० जगल्या. आश्रय पट्टा नसल्यास उरलेल्या २०१ अळ्यांतील ४०२ जनुकांपैकी २०२ प्रतिकारक असतील. प्रमाण एका पिढीत हजारात एकवरून सुमारे दोनात एक एवढे झाले! दोन लाख अळ्यांचा आश्रय पट्टा असल्यास मात्र हेच प्रमाण हजारात सुमारे दीड इतकेच राहते. शेताच्या कडेच्या त्या पाच ओळींची किंमत एवढी होती.

भारतात विष सौम्य पडण्याची शक्यता अधिक होती, याचे कारणही मेंडेल यांच्याच नियमात आहे. आपल्याकडे बीटी कापूस प्रामुख्याने संकरित वाणांच्या रूपात आला. संकरित झाडात बीटी जनुकाची एकच प्रत असते. म्हणून त्याच्या बोंडातील सरकी ही पुढील पिढी असल्याने तिच्यात विषयुक्त व विषरहित बियांचे प्रमाण ३:१ असे पडते. सरकी खाणाऱ्या अळीस एकाच बोंडात दोन्ही प्रकारच्या बिया मिळतात आणि मिश्र अळ्यांना जगण्याची संधी मिळते. त्यातच दीर्घ मुदतीचे वाण व हंगामानंतर फरदड ठेवण्याची प्रथा यांमुळे अळीच्या पिढ्या वाढल्या. अधिक पिढ्या म्हणजे निवडीच्या अधिक फेऱ्या.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात सन १९९६ पासून बीटी कापूस घेतला गेला. तेथे आश्रय पट्टे पाळले गेले. सन २००६ पासून वंध्य पतंग सोडण्याची मोहीम झाली. आणि सन २०१८ मध्ये अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून या अळीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर करण्यात आले. चीनमधील यांगत्से खोऱ्यात शेतकऱ्यांनी दुसऱ्या पिढीचे संकरित बियाणे वापरल्याने चतुर्थांश झाडे आपोआप बिगर बीटी निघाली व अळीची प्रतिकारक्षमता घटली, असे सन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. एकच अळी, एकच विष. परंतु निवडीची परिस्थिती वेगळी म्हणून परिणाम वेगळा.

११. अध्यापनातील निष्कर्ष

‘सवय’ मानली तर उपाय एकच सुचतो : मात्रा वाढवा, औषध बदला. ‘निवड’ मानली तर उपायांची दिशाच पालटते. हंगामपूर्व लागवड टाळणे, डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढून फरदड न ठेवणे, कामगंध सापळ्यांत सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आढळल्यावरच फवारणीचा निर्णय घेणे, औषधांचे गट आलटून पालटून वापरणे, या सर्व शिफारशींमागे निवडीचा दाब कमी करणे किंवा पिढ्यांची साखळी तोडणे हेच तत्त्व आहे. कारण समजले नाही तर शिफारस हा केवळ सरकारी आदेश वाटतो व तो पाळला जात नाही. आश्रय पट्ट्याचे नेमके हेच झाले.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या इयत्ता दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आल्यावर सन २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी जाहीर पत्राद्वारे चिंता व्यक्त केली. हा भाग बारावीच्या जीवशास्त्रात आहे, असे परिषदेचे म्हणणे होते. परंतु दहावीनंतर विज्ञान न घेणारा विद्यार्थी, आणि शेती करणाऱ्यांत अशांचीच संख्या मोठी, त्याला हा विषय पुन्हा भेटत नाही. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या सन २०१८ च्या दहावीच्या विज्ञान पुस्तकाच्या दुसऱ्या भागात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच पाठ होता, ही समाधानाची बाब होय. मात्र पाठ असणे व तो शेताशी जोडला जाणे यांत अंतर आहे. हे अंतर कमी करण्याची जबाबदारी केवळ प्राणिशास्त्राच्या शिक्षकाची नाही. माल्थस अर्थशास्त्राच्या, दख्खनचा खडक भूगोलाच्या, हार्डी-वाइनबर्ग गणिताच्या आणि लिसेंको इतिहासाच्या वर्गात शिकवता येतात.

१२. समारोप

नैसर्गिक निवडीचा सिद्धांत एका व्यक्तीच्या प्रतिभेतून एका दिवशी अवतरला नाही. तो भूशास्त्राने दिलेल्या काळावर, माल्थस यांनी दिलेल्या प्रश्नावर, डार्विन व वॉलेस यांच्या निरीक्षणावर, मेंडेल यांच्या वाटाण्यांवर आणि लुरिया-डेलब्रुक यांच्या संवर्धनांवर उभा आहे. त्याने चुका केल्या, त्या सुधारल्या, आणि म्हणूनच तो आज भाकीत करू शकतो. बीटी कापसावर प्रतिकारक अळी येईल, हे भाकीत कापूस शेतात येण्यापूर्वीच वर्तवलेले होते. आश्रय पट्ट्याचा नियम हा त्याचाच पुरावा. भाकीत चुकले नाही, ते शेतकऱ्यापर्यंत त्याच्या भाषेत पोहोचले नाही. पुढे येणाऱ्या नव्या वाणांच्या व नव्या औषधांच्या बाबतीतही हाच धोका आहे. आपल्या वर्गातून बाहेर पडणारा विद्यार्थी घरी जाऊन वडिलांना ‘अळीला सवय झाली नाही, आपणच ती निवडली’ असे कारणासह सांगू शकला, तर दीडशे वर्षांचा हा प्रवास सेलूच्या शेतापर्यंत पोहोचला असे म्हणता येईल.